पंचनामा आणि प्रार्थना

अमेरिकेतील इव्हँजेलिकल प्रकाशनगृहांनी पोलीस, प्रीती आणि परमेश्वर यांचा जो त्रिवेणी संगम घडवून आणला आहे, त्याचे माहात्म्य डी हेंडरसन यांच्या २००० सालच्या ‘द निगोशिएटर’ या कादंबरीवरून चांगले ध्यानात येते. शिकागो परिसरातील एका बँकेत एक इसम बाँब घेऊन शिरतो, ओलिसांत नेमका एफबीआयचा एक धर्मनिष्ठ अधिकारी सापडतो, आणि त्यांच्या सुटकेस धावून आलेली केट ओ’मॅली वाटाघाटींत निष्णात असली, तरी ईश्वराशी तिचा तह अद्याप व्हावयाचा असतो. अनुरागाचा अंकुर फुटतो खरा. परंतु नायिकेने श्रद्धेचा कबुलीजबाब दिल्यावाचून नायकास पुढे पाऊल टाकण्याची मुभा नसल्यामुळे, कथेत पुढे होणाऱ्या एका विमानातील स्फोटाचा आणि तिच्या अंतःकरणाचा असे दोन तपास समांतर चालतात. (दुसऱ्या तपासात जामिनाची सोय नाही.)

या वाङ्मयातील गुन्हेगारांचा वाक्संयम तर अनुकरणीयच म्हटला पाहिजे. चार खून ज्याच्या खाती जमा आहेत, तो नराधम बेड्या पडतानासुद्धा अपशब्द उच्चारीत नाही, कारण प्रकाशकाचा दंडकच तसा. रक्त सांडण्यास हरकत नसते. अंमलदार मंडळी कॉफीवर रात्र काढतात, धागा सापडेनासा झाला की प्रार्थना करतात, आणि बहुधा पुढल्याच प्रकरणात टेलिफोन खणखणतो.

रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा आज्ञा लिहून दैवी हस्तक्षेपास सक्त मनाई केली होती. त्या फर्मानाची नक्कल शिकागोच्या चौकीवर अद्याप पोहोचलेली दिसत नाही.