कागद उभा कसा करावा

कागदशिल्पासाठी लागणारे मुख्य साहित्य म्हणजे कागद. तो घरात मुबलक असतो आणि त्यातला एकही घेता येत नाही. कोरे ताव कधीतरी लागतील म्हणून जपलेले असतात, पाठकोरे मुलांच्या गणितांसाठी राखून ठेवलेले असतात, आणि वर्तमानपत्र म्हणजे महिनाअखेरची रद्दी, म्हणजेच रोख पैसे. उरते लग्नपत्रिका. जाडी आणि ताठपणा पाहता शिल्पाला याहून सरस पुठ्ठा फुकटात मिळत नाही. पण माथ्यावर गणपती छापलेला असल्याने ती फेकवत नाही आणि कापवतही नाही. ज्यांचा घटस्फोटही होऊन गेला अशांच्या पत्रिका त्यामुळे खणात पडून असतात. गणपतीभोवती चार बोटे जागा सोडून उरलेल्या भागावर काम करावे, असा मध्यम मार्ग सुचवता येईल.

शिवणाची कात्री घेऊ नये. कागदाने तिची धार जाते, हे केवळ गृहिणीचे म्हणणे नाही, खरेच तसे होते. ती गेल्याचे ब्लाउज बेतताना कळते आणि त्यानंतर कलेला घरातून मिळणारा पाठिंबा संपतो. सुदैवाने पहिल्या पाठाला कात्री लागत नाही.

हा पाठ जर्मनीतल्या देसाऊचा. १९२०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या बाउहाउस शाळेत योझेफ आल्बर्स नव्या विद्यार्थ्यांचा वर्ग घेत. एकदा ते वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आले, सगळ्यांना वाटला, यातून काहीतरी करा पण कागद वाया घालवू नका, असे सांगून निघून गेले. त्यांचे विद्यार्थी हानेस बेकमन यांनी ही आठवण लिहून ठेवली आहे. काही तासांनी आल्बर्स परतले तेव्हा किल्ले, विमाने, प्राणी असा सगळा बाजार मांडलेला होता. ही बालवाडीची कामे झाली, दुसऱ्या एखाद्या साहित्यात ती याहून चांगली झाली असती, असे त्यांचे मत पडले. पसंती मिळाली ती एका साध्यासुध्या कागदाला. लांबीच्या बाजूने घडी घालून कोणीतरी तो पडद्यासारखा उभा केला होता, बस्स. पडलेल्या कागदाची एकच बाजू दिसते, उभ्याच्या दोन्ही दिसतात. आणि एका घडीने लुळ्या वस्तूला कणा येतो. हा प्रयोग घरी करताना अडचण एवढीच, की आल्बर्स निघून गेले होते. घरची माणसे जात नाहीत.

खरे तर यासाठी देसाऊपर्यंत जायची गरज नाही, कोपऱ्यावरचा चणेवाला पुरेसा आहे. जो चतकोर कागद एका टोकाला धरला की मान टाकतो, त्याचीच पुडी वळली की तो मूठभर फुटाणे पेलतो. एका दिशेने वळलेला कागद दुसऱ्या दिशेने वाकायला सहज तयार होत नाही, इतकेच यामागचे शास्त्र. चणेवाला ते तीन सेकंदांत करतो आणि खाली सही करत नाही. पिकासोने १९१२ साली पुठ्ठा, दोरा आणि तार यांची गिटार केली, ती आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. नंतर त्याने तशीच गिटार पत्र्यात केली. इच्छुकाने पत्र्याकडे वळण्याची घाई करू नये.

घडी घालण्यापूर्वी कागदाचा कल ओळखावा. गिरणीच्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेने निजलेले असतात. वर्तमानपत्र एका बाजूने फाडले तर सरळ चिरत जाते, दुसऱ्या बाजूने फाडले तर बातमीच्या मध्यातून वाटेल तिकडे भरकटते. सरळ चिरते ती तंतूंची दिशा. त्या दिशेची घडी स्वच्छ बसते, आडवी घडी कुरकुरते आणि जाड कागद असेल तर कडेला भेगाळते. हातकागदात तंतू कसेही पडलेले असतात, म्हणून त्याला असा हट्ट नसतो. मात्र तो महाग पडतो आणि विकत घेतल्यावर त्याला घडी घालण्याचा धीर होत नाही. घडी एकदा पडली की मोडत नाही. इस्त्री, जाड शब्दकोश आणि गादीखालची रात्र हे तिन्ही उपाय करून झाल्यावर रेघ तिथेच असते. म्हणून चुकलेल्या घडीला रचनेचा भाग म्हणावे. बहुतेक संग्रहालये अशीच भरली असावीत.

गोलाई हवी असल्यास जपानच्या अकिरा योशिझावा यांची ओली घडी शिकावी. जाड कागद किंचित दमट करायचा, हवा तसा वळवायचा, वाळला की तो तसाच राहतो. कोकणात जून ते सप्टेंबर यातला पहिला टप्पा आपोआप पार पडतो. वाळणे तेवढे राहते.

चिकटवण्यासाठी आकाशकंदिलाची मैद्याची खळ चालते. झुरळे लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असल्याने पातेले वेगळे ठेवावे, आणि ते वेगळे आहे हे स्वयंपाकघरात आधीच जाहीर करावे.

राहता राहिली मांडणी. नेहमीच्या ए-फोर कागदाचे वजन ५ ग्रॅम, म्हणजे शिल्पाचेही तेवढेच. पंखा एकवर लावताच ते कोचाखाली जाते. म्हणून त्याला कपाटाच्या माथ्यावर, पंख्याच्या झोतापासून दूर जागा द्यावी. तिथे कसर लागेपर्यंत ते सुखाने राहते. पाहुण्यांनी हे काय आहे असे विचारल्यास ‘अमूर्त आहे’ असे सांगावे, म्हणजे पुढचा प्रश्न येत नाही. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत जाते. उभी वस्तू गठ्ठ्यात बसत नाही म्हणून रद्दीवाला ती तळहाताने दाबतो. घड्या तंतूंच्या दिशेने घातलेल्या असतील तर शिल्प एका दाबात, कुठेही न फाटता, सपाट होते.