दिल्या घरची दुर्बीण

रविवारी सकाळी साडेसहाला कवडीपाटच्या बंधाऱ्यावर आम्ही दहा जण उभे असतो. थंडीचे दिवस, नदीवर धुकं, धुक्याखाली फेस आणि फेसाला त्याचा तो वास. (मुळा-मुठा पुण्यातून काय काय घेऊन इथवर येते ते विचारू नये. पक्ष्यांना मानवतं, एवढं खरं.) इतक्यात दलदल भोवत्या पाण्यावरून घिरटी घालतो, चक्रवाकांचा थवा कलकलाट करत उठतो आणि नऊ दुर्बिणी एकदम आभाळाकडे वळतात. दहावी वळत नाही. ती पलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या ट्रकच्या पाठीवर रोखलेली असते.

"तो ट्रक मध्ये नको घेऊस. पार कडेला ठेव," दहावीचे मालक मला सांगतात, "आणि आता 'हॉर्न ओके प्लीज' वाच. वाचता येतंय ना? कडेलासुद्धा! याला म्हणतात दुर्बीण."

"काका, भोवत्या..."

"तो परत येईल रे. ट्रक निघाला तर संपलं."

हे आमचे भिंगराव. नाव अर्थात आम्ही ठेवलेलं, तेही पाठीमागे. तोंडावर सगळे त्यांना काका म्हणतात. पक्षी बघणाऱ्यांच्या प्रत्येक टोळक्यात असा एक असतोच: निवृत्त, शक्यतो इंजिनिअर, खिशात भिंग पुसायचं मऊ फडकं आणि गळ्यात स्कूटरच्या किमतीला लाजवणारं यंत्र. बाकीचे पक्ष्यांची यादी करतात, हा यंत्राच्या गुणदोषांची करतो. त्याचा आवडता पक्षी वंचक, कारण तो चिखलाच्या काठावर अर्धा अर्धा तास हलत नाही, तेवढ्यात दोन दुर्बिणींची तुलना निवांत उरकते. दुसरा आवडता कावळा. काळा कावळा उजळ आभाळापुढे बसला की त्याच्या कडेला जांभळी-हिरवी किनार दिसते का, ते बघायचं. दिसली तर भिंग हलकं. पितृपक्षात लोक पंधरा दिवस कावळ्याची वाट बघतात. भिंगराव बारा महिने गच्चीच्या टाकीकडे डोळे लावून असतात.

त्यांचा सगळा इतिहास एका घराण्याचा आहे. ऑस्ट्रियातल्या तिरोलमध्ये आब्साम नावाचं गाव आहे, तिथली स्वारोव्स्की. तिची 'ईएल' ही दुर्बीण 1999 साली आली. दोन नळ्यांमध्ये दोन पूल आणि पुलांमध्ये मोकळी जागा, म्हणजे बोटं नळीभोवती पूर्ण वळतात. पुढे 2010 च्या सुमारास तिची 'स्वारोव्हिजन' आवृत्ती आली. तिच्यात चित्र मध्यापासून कडेपर्यंत सपाट, सगळीकडे सारखं रेखीव. भिंगरावांनी ती 2012 मध्ये जर्मनीतल्या जावयाच्या बॅगेतून आणवली, 8.5 बाय 42, म्हणजे साडेआठ पट मोठं दाखवणारी. काकूंनी किंमत विचारली तेव्हा त्यांनी ती युरोत सांगितली. युरोत सांगितलेली किंमत खोटी ठरत नाही आणि नीटशी कळतही नाही.

आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात त्यांना गरगरलं. चित्र इतकं सपाट केलं की दुर्बीण उडत्या थव्याबरोबर फिरवताना समोरचं दृश्य एखाद्या गोलावरून घरंगळल्यासारखं वाटतं. सगळ्यांना नाही वाटत, काहींच्याच मेंदूला. म्हणून तर विसाव्या शतकाच्या मध्याला जर्मन रचनाकारांनी कडेच्या सरळ रेषा मुद्दाम किंचित आत वाकवायला सुरुवात केली होती. थोडी खोट ठेवली की फिरताना बरं वाटतं. हे सगळं भिंगरावांनीच आम्हाला मिसळीच्या टेबलावर दोन चमचे उभे-आडवे ठेवून समजावलं आणि शेवटी उसासा टाकला, "आधीच्या ईएलची मजा वेगळी होती." आधीची ईएल त्यांच्याकडे कधीच नव्हती. भरतपूरला एका परदेशी पाहुण्याच्या गळ्यात त्यांनी ती पाहिली होती, तीही पाठमोरी.

पुढे आठ वर्षांत गरगरणं थांबलं. मेंदूला सवय होते. त्या आठ वर्षांत त्यांच्या दुर्बिणीत एक दोष म्हणून उरला नाही. एकदा मी माझी ऑलिंपस 8 बाय 40 पुढे केली. काही हजारांत येणारी, देशातल्या निम्म्या पक्षीवेड्यांची पहिली दुर्बीण असावी ती. म्हटलं, "काका, हजार मीटरवर हिच्यात 143 मीटर रुंदीचा पट्टा मावतो. तुमच्यात किती?" तुमच्यात 133, हे मला माहीत होतं. ते शांतपणे म्हणाले, "शेत मोठं आहे तुझं. पण बांधाकडेला सगळा चिखल." आणि ते खरंही होतं.

मग 2020 साल उजाडलं. सगळं जग घरात बसलं आणि तिकडे आब्सामहून 'एनएल प्युअर' आली. तिच्या 8 बाय 42 मध्ये हजार मीटरवर 159 मीटर. आदल्या रात्रीपर्यंत पुरेसं असलेलं 133 मीटरचं शेत एका रात्रीत खोलीएवढं झालं. कंपन्या नवी वस्तू विकतात असं आपण समजतो. त्या आधी जुन्या वस्तूचा दोष विकतात, तोही फुकट. भिंगराव गच्चीवरून फोन करायचे, "अरे, दहा पटीच्या एनएलमध्येसुद्धा 133 मीटर दिसतं! म्हणजे माझी साडेआठ पटींत जेवढं दाखवते तेवढंच ती दहा पटींत दाखवते!" त्या सुरात आपली फसवणूक झाल्याचं दुःख होतं. प्रकाश किती आरपार जातो त्याचाही आकडा होता: जुनीत नव्वद टक्के, नवीत एक्क्याण्णव. हा एक टक्का माणसाच्या डोळ्याला कळत नाही. भिंगरावांच्या डोळ्याला तो वस्तू हातात येण्याआधीच कळला होता.

विमानं सुरू झाली, जावई आला, बॅग आली. नव्या दुर्बिणीच्या नळ्यांना कंबर होती, मधेच चेपलेल्या, हाताच्या पकडीसाठी. वर कपाळाला टेकवायचा एक टेकूही वेगळा मिळत होता, म्हणजे हात हलला तरी चित्र हलू नये. टेकू लावून भिंगराव बघू लागले की एखाद्या मूर्तीला डोकं टेकून नवस बोलत असल्यासारखे दिसायचे.

आणि मग दर रविवारी परीक्षा सुरू झाली. परीक्षार्थी मी. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जड चौकट नाकावर ठेवून काचा बदलतात ना, तसं.

"आता?" जुनी डोळ्यांना.

"छान."

"की आता?" नवी.

"हीही छान."

"नीट बघ. शेकाट्याच्या पायाचा लाल रंग. आता... की आता?"

पाचव्या 'आता'ला शेकाट्या उडून जायचा. "राहू दे, तिथला दगड बघ," म्हणून परीक्षा पुढे चालू. शेवटी मी एक उत्तर शोधून काढलं: "नवीत जास्त मोकळं वाटतं." मला तसं वाटत नव्हतं, भूक लागली होती. पण भिंगरावांनी माझा हात हातात घेतला.

त्याच भरात त्यांनी जुनी मला द्यायचं ठरवलं. विकायचं म्हणा हवं तर, पण पैशांचा विषय हप्त्यांवर आणि खालच्या आवाजात झाला. कपाट उघडलं, मूळ खोका काढला, हिरवी पिशवी काढली, पट्ट्याची घडी नीट केली. काकू दारात उभ्या होत्या. भिंगराव म्हणाले, "सांभाळ. कधी पाण्यात बुडवू नकोस, म्हणजे बुडवली तरी चालते, पण बुडवू नकोस." मला वाटलं, आता अक्षता टाकायच्या राहिल्यात. माझ्या हातून नमस्कार घडला, तो मी वाकून केला की दुर्बीण जड होती म्हणून वाकलो, ते सांगता येणार नाही. वजन 835 ग्रॅम.

त्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी ते घरी आले. सहज. चहा झाला, हवापाणी झालं, मग इकडेतिकडे बघत, "कुठाय?" मी आणून दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, डोळ्याजवळच्या रबरी कडा फिरवून पाहिल्या, एका कडेत शेवेचा कण सापडला. बोलले काही नाहीत. खिशातून फडकं काढलं, फुंकर घातली, पुसली. जाताना दारात म्हणाले, "जरा निस्तेज वाटली." मुलीचा बाप सासरच्यांना टाकून बोलत नाही, पण समजायचं ते समजतं. पुढच्या गुरुवारी ते येणार म्हणून माझ्या बायकोने दुर्बिणीवरून हात फिरवून ठेवला.

हळूहळू मला खरी गोष्ट कळली. भिंगरावांचा चष्मा जाड काचांचा आणि सतत नाकावर पुढे येणारा. चष्मा लावून बघणाऱ्याला दुर्बिणीच्या काचेपासून डोळा थोडा दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसावं लागतं. हे अंतर जुनीत 20 मिलीमीटर, नवीत 18. दोन मिलीमीटर म्हणजे काय, खसखशीचे दोन दाणे. पण भिंगरावांच्या त्या चष्म्याला नेमके तेच दोन दाणे हवे होते. 159 मीटरचं शेत विकत घेतलं आणि बांध दिसेना! बाजूचं दिसावं म्हणून डोळा आत दाबला की चष्म्याची काच खरखरते, डोळा जरा खाली-वर झाला की चित्रात काळ्या सावल्या नाचतात. दोष दुर्बिणीचा नव्हता, चष्म्याचा होता. चष्मा बदलायचा तर हजारभर रुपयांची फ्रेम. ते त्यांना सुचलं नाही. त्यांना जुनीची आठवण येऊ लागली.

"तिच्या रंगात एक ऊब होती," एकदा ते भिगवणच्या वाटेवर म्हणाले.

नोव्हेंबरात आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो. 5 तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 ला सालिम अलींचा, मधले दिवस पक्ष्यांचे. 4 तारखेला संध्याकाळी भिंगराव आले, बसले नाहीत. "सप्ताहापुरती नेतो. शाळेच्या पोरांना दाखवायची आहे. तेवढंच माहेरपण." माहेरपणाला कोण नाही म्हणणार? मी खोक्यासकट दिली. काकूंचा रात्री फोन आला, "पोचली हो," त्यांनाही आता या भाषेची सवय झाली आहे.

12 तारीख गेली. डिसेंबर गेला. तिळगूळ वाटून झाले. हप्ते मी अजून देतोच आहे. विषय काढला की ते म्हणतात, "अरे, थंडी आहे, राहू दे चार दिवस," जशी काही दुर्बिणीला पडसं झालंय.

गेल्या आठवड्यात कुंभारगावला उजनीच्या पाण्यावर रोहित आले म्हणून आम्ही गेलो. नावेत भिंगराव माझ्या समोर. गळ्यात दोन्ही, जुनी आणि नवी, एकमेकींवर खुटखुट आपटणाऱ्या. मी पुन्हा माझ्या ऑलिंपसवर आलेलो. लांब पाण्यावर गुलाबी रेघ होती, नावाड्याने इंजिन बंद केलं, आणि माझ्या दुर्बिणीत ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत मावली. टोकांना थोडी विरघळलेली, पण अख्खी. मी "वा!" म्हणालो असणार.

भिंगरावांनी आधी एक लावली, मग दुसरी. मग दोन्ही मांडीवर ठेवून ते बराच वेळ माझ्या छातीकडे बघत राहिले.

"तुझी ती... 143 ना?"

"हो."

"बघू जरा."

मी दुर्बीण पुढे केली, पट्टा मात्र गळ्यातून काढला नाही. ते वाकून जवळ आले, माझ्या हनुवटीखाली त्यांची टोपी, नाव एका बाजूला कलली, आणि नावाडी ओरडला, "दोघं एका बाजूला बसू नका हो!"