बारा डब्यांची सनद

आमचं वरसे रोह्याला इतकं खेटून आहे की कुठलं कुठे संपतं हे घरपट्टीच्या पावतीवरूनच कळावं. जवळच धाटावची एमआयडीसी. तिथे कामाला येऊन खोल्या घेऊन राहिलेली पोरं पोळीभाजीला आसुसलेली. म्हणून बायको म्हणाली, "अहो, सोमवारपासून बारा डबे सुरू करते."

शहाण्याने "कर" म्हटलं असतं. मी नुकताच प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो.

"अगं, आधी प्रोजेक्ट चार्टर! उद्दिष्ट, व्याप्ती, खर्च, जोखीम, कुणाला किती अधिकार, सगळं कागदावर. खाली सही झाल्याशिवाय प्रकल्प जन्मालाच येत नाही." दाखला दारातलाच दिला. "रोह्याच्या पुढची कोकण रेल्वे बघ. १९९० साली आधी स्वतंत्र महामंडळ काढलं, श्रीधरन यांच्या हाती अधिकार दिले, मग ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर रूळ पडले."

"त्यांना मिरच्यांवर कोथिंबीर फुकट मागायची नव्हती," असं म्हणून ती कणीक मळायला बसली.

रात्री जागून मी चार पानं भरली. प्रायोजक मी, व्यवस्थापकही मीच. व्याप्तीबाहेर: मासे, उधारी, रविवार.

सकाळी आईने चष्मा लावला. "पैसे माझ्या ठेवीतले, राबणार ती. मग दोन्हीकडे सही तुझीच कशी रे?"

प्रशिक्षणातही नेमकं हेच सांगितलं होतं: पैसे देणारा नेमतो, व्यवस्थापकाने स्वतःला नेमायचं नसतं. ते सांगत असताना मला डुलकी लागली असावी.

आईने ट्रंकेतून पिवळा पडलेला कागद काढला. आमच्या लग्नाची यादी! वर 'श्री', कोपऱ्यांना हळदकुंकू. मांडव कुणाचा, जेवणं कुणाची, मानाच्या साड्या किती. खाली दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या. अख्खं लग्न एका पानात. 'घोडा नाही' हेसुद्धा स्पष्ट लिहिलेलं. (तरी ऐन वेळी मामा घोडा घेऊन आलाच. त्याच्या पैशांवरून दोन घरांत अजून धुसफूस आहे. प्रशिक्षणात याला 'स्कोप क्रीप' म्हणतात.)

मग आईने वहीचं पान फाडून कुंकवाचं बोट टेकवलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. डबे बारा. पैसे आईचे. भाव, हिशेब आणि 'नाही' म्हणायचा हक्क सुनेचा. माझं नाव पार तळाशी आलं. पुढे एकच शब्द: कांदे.

सहीसाठी पेन उचललं, तर बायकोने विळी पुढे सरकवली.