पट्टी शून्यावरच ठेवा

चाकणला उद्योजकांच्या कुठल्याही बैठकीत चहाच्या आधी 'स्किल गॅप' येतो. कामाला माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याला काही येत नाही, येत असेल तर तो टिकत नाही. काही येत नाही म्हणजे नेमकं काय येत नाही, असं विचारलं की लगेच चहा येतो.

बरं, मोजणाऱ्यांनी ते मोजून ठेवलंय. 'प्रथम' ही १९९५ साली मुंबईत सुरू झालेली संस्था आणि तिची 'असर' पाहणी २००५ पासूनची. २०२३ साली 'असर'वाले १४ ते १८ वयाच्या पोरांकडे गेले: २६ राज्यांतले २८ जिल्हे, ३४,७४५ मुलंमुली. पाहणी ग्रामीण, त्यामुळे पिंपरी-चिंचवड तिच्यातून सुटलं. पण महाराष्ट्रातून घेतला होता नांदेड, आणि नांदेडची पोरं भोसरीत नि चाकणमध्ये एकेका खोलीत किती राहतात ते घरमालकांना विचारा.

पाव हिस्सा पोरांना आपल्याच भाषेतला दुसरीचा मजकूर धड वाचता आला नाही. त्यावर अग्रलेख लिहून झाले. मला मात्र त्यातली पट्टी जास्त आवडली. वस्तू पट्टीच्या शून्याला टेकवून लांबी विचारली, तर ८५ टक्क्यांच्या आसपास पोरांनी बरोबर सांगितली. मग वस्तू शून्यापासून पुढे सरकवली. बरोबर उत्तरं आली ३९ टक्के.

आता आमच्या पट्ट्यातला कुठलाही फिटर सांगेल की व्हर्नियर हातात घेतल्यावर आधी जबडे मिटून बघायचे, शून्याला शून्य भिडतंय का. भिडत नसेल तर तेवढा फरक हिशेबात धरायचा आणि मगच जॉब मोजायचा. लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर, तिथे अंदाज चालत नाही. शून्य जागेवर नसेल असं धरूनच काम सुरू होतं. शाळेत मात्र दहा वर्षं वस्तू शून्यालाच टेकलेली. धड्याखालचा प्रश्न धड्यातल्याच वाक्यातून उचललेला, आणि उत्तर गाईडमध्ये ठळक. हीच शिस्त पुढे आयटीआयच्या लेखी परीक्षेतही: संगणकासमोर बसा, चारांतला एक पर्याय टिचका. दहावीचा २०२५ चा राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. पेढे संपले.

सरकारही कागदावरच दर लावतं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआयवाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. शून्य सरकवून कोणी बघत नाही.

कारखान्याच्या गेटवर तर वेगळीच तऱ्हा. आधार, पासबुक, मार्कलिस्ट, वजन, उंची, सगळं तपासतात. चार ओळी वाचून दाखव, असं कोणी म्हणत नाही. मग पहिल्याच दिवशी सुरक्षेच्या सूचनांचा कागद पुढे येतो, खाली छापलेलं असतं 'वाचले व समजले', आणि ठेकेदाराचा माणूस बोट ठेवून दाखवतो सही कुठे करायची. या पट्ट्यातली सगळ्यांत मोठी वाचन परीक्षा हीच, आणि निकाल शंभर टक्के! पॉवर प्रेसमध्ये बोटं गमावलेल्या कामगारांबद्दल 'सेफ इन इंडिया' ही संस्था आपल्या 'क्रश्ड' अहवालांतून वर्षानुवर्षं लिहितेय. हरियाणाबरोबर महाराष्ट्राचंही नाव त्यात आहे. अपघातानंतर तोच सहीचा कागद फाइलमधून निघतो, आणि तो कोणासाठी जपला होता ते तेव्हा कळतं.

काही कारखान्यांनी सूचना चित्रांत आणि रंगांत आणल्या. झकास केलं. फक्त नवं मॉडेल आलं, सेटिंग बदललं, की चित्र जुनं होतं आणि पॅनेलवर उमटलेली ओळ कोणाला तरी वाचावीच लागते.

'असर'ची वाचनाची चाचणी एवढीशी आहे: अक्षरं, शब्द, छोटा उतारा, एक गोष्ट. पोराला समोर बसवायचं आणि वाचायला लावायचं, बस. गेटवर वजनकाट्याशेजारी सहज मावेल. अडचण एकच. निकाल कळला तर वाचनवर्ग काढावा लागेल, वर्ग शिफ्टच्या वेळेत घ्यावा लागेल, आणि तेवढा वेळ कोणाच्या खात्यात टाकायचा यावर कंपनी ठेकेदाराकडे बघेल आणि ठेकेदार कंपनीकडे.