शिरवाडकर आवडले? मग कुसुमाग्रजही वाचून पाहा!

पुस्तकांची यादी ठेवणारं आणि ती चारचौघांत मिरवू देणारं एखादं संकेतस्थळ नव्या रूपात अवतरलं, की पहिल्या दिवशी त्याचे सगळे सभासद पुस्तकं बाजूला ठेवून बटणं शोधत बसतात. 'वाचून झालं'चं बटण काल इथेच होतं, आज कुठे गेलं? दिवाळीची आवराआवर झाल्यावर घरात चहाची गाळणी सापडत नाही आणि ती कुणी, कुठे 'नीट' ठेवली याचा तपास भाऊबीजेपर्यंत चालतो, तसंच हे. नवी मांडणी स्वच्छ, मोकळी आणि वेगवान असल्याचं मालकांनी जाहीर केलेलं असतंच. अशा उद्घाटनाला हे तीन शब्द लागतात. खानावळीच्या पाटीवर 'घरगुती चव' लागते तसे.

गुडरीड्स या अशाच संकेतस्थळानं 2022 साली पुस्तकाचं पान नव्यानं मांडलं. मुखपृष्ठ डावीकडे ठाण मांडून बसलं, उजवीकडून मजकूर सरकू लागला. पुस्तकं तीच राहिली, तारेही पाचच राहिले. अर्धा तारा काही निघाला नाही. साडेतीनच्या लायकीची कादंबरी वाचणाऱ्यानं एकतर उदार व्हायचं किंवा कंजूष, ही जुनी सोय कायम राहिली. लंडनच्या नादिया ओडुनायो यांनी 2019 साली हाती घेतलेल्या स्टोरीग्राफनं मात्र थेट पाव तारा देऊ केला. सव्वातीन, पावणेचार! सव्वा, दीड, पावणेदोन आणि अडीच यांना वेगवेगळे शब्द असलेल्या भाषेच्या माणसाला हे हिशेब लगेच पटावेत. शिवाय तिथे पुस्तकाचा 'मूड' सांगता येतो: गंभीर, हळवं, साहसी, वेग संथ की जलद. एकूण, मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात विचारतात तेवढं सगळं.

या मिरवणुकीची सुरुवात जरा साधी होती. टिम स्पॉल्डिंग यांनी ऑगस्ट 2005 मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या पोर्टलंडहून लायब्ररीथिंग सुरू केलं. पहिली 200 पुस्तकं फुकट नोंदवायची, पुढच्यांसाठी वर्षाला 10 डॉलर किंवा आयुष्यभराचे 25. पुस्तकं विकत घ्यायला पैसे मोजलेले लोक आता ती आपल्याकडे आहेत हे सांगायलाही पैसे मोजू लागले. (2020 च्या मार्चमध्ये, जग घरात कोंडलं गेलं तेव्हा, हे सगळं मोफत झालं.) नोंदणी सोपी व्हावी म्हणून लायब्ररीथिंगनं क्यूकॅट विकायला ठेवलं. क्यूकॅट म्हणजे मांजराच्या आकाराचं बारकोड वाचणारं यंत्र. 2000 साली ते अमेरिकेत फुकट वाटलं गेलं होतं, आणि मासिकातली जाहिरात वाचताना कुणी हे मांजर तिच्यावरून फिरवावं आणि संगणकावर तिचं पान उघडावं, अशी त्यामागची कल्पना होती. कुणी फिरवलं नाही. कंपनी बुडाली, मांजरं उरली, ती पुस्तकवाल्यांनी पाळली.

या मांजराची एकच अडचण. बारकोडमधून ते वाचतं तो पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक 1970 नंतर रुळला. आजोबांच्या ट्रंकेतली, पुठ्ठा सुटलेली, आत कुणाच्या तरी लग्नातल्या आहेराची नोंद असलेली पुस्तकं त्याच्या आधीची. त्यांच्यासमोर मांजर नुसतं बसून राहतं.

लायब्ररीथिंगच्या सभासदांनी पुढे मेलेल्या माणसांची कपाटंही लावायला घेतली. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांचा ग्रंथसंग्रह त्यांनी एकेक पुस्तक करून नोंदवला. ब्रिटिशांनी 1814 मध्ये वॉशिंग्टन जाळलं, त्यात काँग्रेसचं ग्रंथालय गेलं. तेव्हा जेफर्सन यांनी आपली 6,487 पुस्तकं 1815 मध्ये सरकारला विकली होती. मृतांचं एक बरं असतं. ते तेच पुस्तक चार-चार वर्षं 'सध्या वाचतोय'च्या फळीवर ठेवत नाहीत.

फळीचा विषय निघालाच आहे तर सॅम्युअल पेपीस यांना वगळून चालणार नाही. सतराव्या शतकातल्या लंडनच्या या रोजनिशीकारानं 3,000 पुस्तकं जमवली आणि उंचीनुसार लावली. विषय, लेखक, भाषा सगळं दुय्यम. एखादं पुस्तक शेजाऱ्यापेक्षा बुटकं निघालं तर त्याच्याखाली लाकडी ठोकळा ठेवला, म्हणजे वरची रेष सरळ दिसते. पुस्तकांना उंच टाचा! ती केंब्रिजमध्ये आजही तशीच उभी आहेत. 'वाचकांच्या सोयीसाठी' असं पेपीस एकदाही म्हणाले नाहीत, हा त्यांचा आणि आजच्या मांडणीकारांचा फरक.

मराठी वाचक या घरात शिरतो तेव्हा गंमत वेगळीच. गुडरीड्सवर लेखकाचं नाव रोमन लिपीत मुख्य आणि मूळ लिपीत दुय्यम ठेवायची पद्धत. म्हणजे पु. ल. देशपांडे आपल्याच पुस्तकाचे सहलेखक. रोमन लिपीतही पु. ल. एकटे नाहीत. कुठे पी. एल., कुठे पूर्ण पुरुषोत्तम लक्ष्मण, कुठे नुसतेच पु ला, आणि प्रत्येकाचं वेगळं बिऱ्हाड. त्यांनी बटाट्याच्या चाळीत एवढी पात्रं कोंबली त्याचा हा परतावा म्हणायचा.

चिं. त्र्यं. खानोलकर कादंबऱ्या लिहितात आणि आरती प्रभू कविता करतात. हे दोघं एकाच देहात राहत होते हे यंत्राला कुणी सांगायचं? सगळ्यात बिकट प्रकरण नाशिकचं. जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर, दत्तक गेल्यावर विष्णु वामन शिरवाडकर, आणि 'विशाखा'च्या मुखपृष्ठावर कुसुमाग्रज. यंत्राच्या हिशेबी हे तीन लेखक, ज्ञानपीठ मात्र तिघांत मिळून एक. 'नटसम्राट'ला पाच तारे देणाऱ्याला यंत्रानं उद्या 'तुम्हाला कुसुमाग्रज नावाचे एक कवीही आवडू शकतील' असं अदबीनं सुचवलं, तर शिफारस चूक आहे असं कोण म्हणेल? अशी अचूक शिफारस तर मराठीच्या प्राध्यापकालाही जमायची नाही.

ग्रेस यांचं काय होतं ते विचारू नये. माणिक गोडघाटे यांनी घेतलेलं हे नाव रोमन लिपीत टाकलं की नागपूरचा कवी जगभरच्या ग्रेसबाईंच्या गर्दीत उभा राहतो. एकाच नावाचे दोन लेखक वेगळे ठेवायला गुडरीड्सवर जी युक्ती चालते, ती ऐकून तर हात जोडावेत: पहिल्या आणि शेवटच्या नावांच्या मध्ये एक जादा मोकळी जागा सोडायची. तिसरा आला तर दोन. चौथा आला तर तीन. कुणाची कविता कुणाच्या खात्यावर जमा व्हावी, हे मधल्या पोकळीच्या रुंदीवर ठरतं. ग्रेस यांचं नाव एकशब्दी, त्यामुळे त्यांना तीही सोय नाही.

नोंदणीपेक्षा मतप्रदर्शन मात्र जोरात. 2023 च्या जूनमध्ये एलिझाबेथ गिल्बर्ट यांनी सायबेरियात घडणाऱ्या आपल्या 'द स्नो फॉरेस्ट' या कादंबरीची घोषणा केली. ती येणार होती 2024 च्या फेब्रुवारीत. रशियाच्या युक्रेनवरच्या हल्ल्यानं चिडलेल्या लोकांनी काही दिवसांतच गुडरीड्सवर तिला पाचशेहून जास्त एकतारी अभिप्राय दिले, आणि गिल्बर्टबाईंनी पुस्तक मागे घेतलं. राग खरा असेल, पण पुस्तक अजून छापखान्यातही गेलेलं नव्हतं. आपल्याकडच्या वाचनालयातला खवचट सभासद निदान पुस्तक घरी नेत असे. रहस्यकथेच्या चाळिसाव्या पानावर पेन्सिलीनं 'खुनी माळी आहे' असं लिहायला त्याला आधी शेवटपर्यंत पोचावं लागे.

आणि ते वार्षिक आव्हान! 2011 पासून गुडरीड्स दर जानेवारीत विचारतं, यंदा किती पुस्तकं वाचणार? पानं मोजायची नसतात, नग मोजायचे असतात. शिवाजी सावंतांचं कर्णावरचं जाडजूड 'मृत्युंजय' हा एक नग आणि पन्नास पानांची पुस्तिका हाही एक नग. त्यामुळे डिसेंबर उजाडला की सडपातळ पुस्तकांचे दिवस येतात. 52 चा संकल्प सोडलेला गृहस्थ 31 तारखेला बालवाचनमालेपर्यंत उतरतो, आणि कर्ण पुन्हा एकदा पुढच्या वर्षावर ढकलला जातो. त्याला सवय आहे.

कपाटं वेगवेगळी दिसली तरी किल्ल्या कुणाच्या कमरेला आहेत तेही पाहून ठेवावं. शेल्फारी हे सिअ‍ॅटलचं संकेतस्थळ ॲमेझॉननं 2008 मध्ये घेतलं. त्याच वर्षी एबबुक्स हे पुस्तकविक्रीचं संकेतस्थळ घेतलं, ज्याच्याकडे लायब्ररीथिंगचा मोठा हिस्सा होता. 2013 मध्ये गुडरीड्स घेतलं, तेव्हा त्याचे 1 कोटी 60 लाख सभासद होते. 2016 मध्ये शेल्फारी बंद करून तिथल्या सभासदांना फळ्यांसकट गुडरीड्सकडे जायला सांगितलं. मालक बदलला की भिंतीचा रंग बदलतो, आणि 'विकत घ्या'चं बटण तेवढं कधीच हरवत नाही. गाळणी शोधावी लागते; गल्ला समोरच असतो.

मद्रासच्या एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवायला सांगतो. नव्या मांडणीच्या बैठकीत तो वाचला गेला तर हशा पिकेल, कारण तिथे यश मोजतात ते वाचकानं पडद्यावर किती वेळ घालवला यावरून. वाचकाचा वेळ खरोखर वाचवला तो शंकर गणेश दाते यांनी. त्यांनी 1800 ते 1937 पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली आणि नंतर ती 1950 पर्यंत वाढवली. त्यांच्यामागे अनुयायी नव्हते, अंगठे नव्हते, वर्षाअखेरीला फुगे उडवणारं अभिनंदनही नव्हतं. अभ्यासक आजही 'दाते सूचीत पाहा' म्हणतात. तिची मांडणी बदलल्याची तक्रार अद्याप आलेली नाही.

पुस्तकं खरोखर फिरवायचीच असतील तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना आहे. पुस्तकांनी भरलेली पेटी एका गटाकडे जाते, आणि काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. 2009 पासून हे चाललं आहे, थेट आखातापर्यंत. पेटी रिकामी करायला पुस्तक उचलावं लागतं, हा तिच्या रचनेतला मोठा दोष. नुसतं 'वाचायचंय' असं दाबून ती हलकी होत नाही.

इकडे संकेतस्थळावर रात्री कुणीतरी बिनपगारी स्वयंसेवक जागा असतो. गुडरीड्सवर अशांना 'लायब्ररियन' म्हणतात. हुद्दा आहे, पगार नाही. तो पी. एल. आणि पु ला यांची पुस्तकं एकेक करून एका खात्यात आणतो, दोन वेगळ्या 'व्यक्ती आणि वल्ली' एका नावाखाली जोडतो, 'नटसम्राट'च्या दोन आवृत्त्यांचं भांडण मिटवतो आणि पहाटे झोपी जातो. सकाळी आठच्या सुमाराला कुठलासा उत्साही नवा सभासद आजोबांच्या ट्रंकेतली पहिली प्रत उघडतो. लेखकाच्या रकान्यात तो रोमन लिपीत टाइप करतो: देशपांडे, आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग पु, मग चुकून एक जादा मोकळी जागा, मग ला.