आमच्या पाठीवरचं बिऱ्हाड बांधणाऱ्या साहेबांस

राजमान्य राजश्री कारखानदारसाहेब,
मुक्काम एल्कहार्ट, राज्य इंडियाना, यांच्या सेवेशी
मिशिगनच्या एका गिऱ्हाइकाचा कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले होते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही आपला २६ फुटी, गाडीमागे ओढायचा राहता ट्रेलर घेतला. सांगलीहून आई-बाबा येणार होते. आईचे गुडघे धरलेले. तिला रोज नव्या हॉटेलात सामान उचलून जावं लागू नये, स्वतःच्या ओट्यावर वरणभात लावता यावा, रात्री उठली तर बाथरूम चार पावलांवर असावं, एवढंच मागणं होतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं आमचंही महिनाभर असणार होतं. ते बिऱ्हाड आपण बांधून दिलंत. आपलं नाव इथे लिहीत नाही. थोरामोठ्यांचा चारचौघांत नावानिशी उल्लेख करू नये, असं आमच्या घरचं वळण आहे.

सर्वप्रथम रूपाबद्दल धन्यवाद. संगमरवराचा भास देणारा ओटा, छताच्या कडेनं निळे दिवे, भिंतीत विजेची शेकोटी, तिच्यावर टीव्ही. शोरूममध्ये आई सगळ्यावरून हात फिरवत म्हणाली, "किती नीटनेटकं केलंय!" माणसाचा हात जिथे पोहोचतो, तिथे आपण खरोखरच काही कमी ठेवलं नाहीत. हात जिथे पोहोचत नाही, त्या जागांबद्दल हे पत्र आहे.

दुसरे आभार साउथ डकोटातल्या रात्रीबद्दल. बॅडलँड्सच्या माळावर आम्ही उतरलो होतो. तिथे नळाची जोडणी नव्हती, म्हणून टाकी काठोकाठ भरून नेली होती: ४० गॅलन, म्हणजे सुमारे १५० लिटर. रात्री सगळे नळ बंद, सगळे झोपलेले, आणि बाकाखालचा १२ व्होल्टचा पंप दर दहा मिनिटांनी घुरघुरून थांबायचा. लाइनमधला दाब उतरला की हा पंप आपोआप सुरू होतो. नळ बंद असताना तो बोलला, तर कुठेतरी पाणी चाललेलं असतं. मला ते ठाऊक नव्हतं. बाबा अंधारात उठून बसले आणि म्हणाले, "गळतंय."

सकाळी ट्रेलरचं पोट पाहिलं. तळाशी आपण काळ्या प्लॅस्टिकचा पातळ पत्रा ठोकता, त्याला मध्येच भलामोठा फुगा आला होता. बाबांनी आडवं पडून पेचकसानं भोक पाडलं आणि आमच्या पिण्याचं पाणी, वरच्या कापसासारख्या इन्सुलेशनचे बोळे घेऊन, मातीत वाहून गेलं. एकाहत्तराव्या वर्षी त्यांना पुन्हा हाताला काम दिलंत, त्याबद्दल कुटुंबातर्फे आभार.

बाबांविषयी थोडं सांगायला हवं. ते पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं फिटर होते. हयात लोखंडी पाइपांचे आटे पाडण्यात, सुतळी आणि सफेदा लावून जोड आवळण्यात गेली. आपले लाल-निळे पेक्स, म्हणजे प्लॅस्टिकचे, पाइप त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. तरी सिंकखालचं कपाट उघडल्यावर दहा मिनिटांत त्यांचं बोट नेमक्या जागी थांबलं.

तो जोड आपणही एकदा डोळे भरून पाहावा. प्लॅस्टिकचा एल्बो, त्यावर सरकवलेला अर्ध्या इंची पाइप, पाइपवर तांब्याची कडी. कडी फिटिंगच्या खाचांवर सरळ बसवायची आणि हत्यारानं गोल दाबायची, एवढंच काम. आपली कडी तिरकी होती. एक कड पाइपात रुतलेली, दुसरी मोकळी, आणि त्या फटीत पाण्याचा एक थेंब फुगत फुगत खाली पडायचा. लगेच दुसरा धरायचा. कडी नीट दाबली गेली की नाही, हे पाहायला खाचांची एक चपटी पट्टी मिळते. ती खिशात मावते आणि एका जोडाला काही सेकंद लागतात. ते सेकंद आपण वाचवलेत. त्यांच्या बदल्यात आमची रात्र गेली, पाणी गेलं, आणि ओट्याखालचं प्लायवूड फुगून कायमचं काळं पडलं.

तिसरे आभार टाकीतल्या भुश्शाबद्दल. पाइप जोडायला टाकीला भोकं पाडलीत, तेव्हा निघालेला प्लॅस्टिकचा कीस आपण आतच राहू दिलात. पुढे वायोमिंगमध्ये नळाची धार करंगळीएवढी झाली. पंपाच्या तोंडावरची जाळी उघडली तर आत खोबऱ्याच्या किसासारखा पांढरा कीस गच्च बसला होता. या टाकीचं पाणी आम्ही चार दिवस पीत होतो. ज्या पाण्यानं आईनं डाळ शिजवली, त्याबद्दल हे लिहितोय, साहेब.

चौथे आभार सिंकखालच्या सांडपाण्याच्या वाकड्या पाइपाबद्दल. त्याच्या चाक्या नुसत्या हातानं फिरवून सोडल्या होत्या. दोनशे मैलांत त्या उलट्या फिरून सुटल्या आणि भांड्यांचं पाणी थेट कपाटात आलं. संडासाच्या टाकीचा वास वर नेणारा पाइप छतापर्यंत पोहोचलाच नव्हता. भिंतीच्या पोकळीतच संपला होता. आईला वाटलं, बाथरूम आपल्याकडूनच नीट धुतलं जात नाही. दोन दिवस ती गुडघे टेकून फरशी घासत होती. बाकी सगळं पैशांत मोजता येईल. हे मोजता येत नाही.

वॉरंटीबद्दल तर किती आभार मानू! आपण पूर्ण एक वर्ष दिलंत. आमच्या मिशिगनात ऑक्टोबरात पाइपांतलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरावं लागतं, आणि ट्रेलर वसंतापर्यंत बर्फात उभा राहतो. म्हणजे वर्षातला निम्मा काळ तो बिघडूच शकत नव्हता. गळती साउथ डकोटात, आणि दुरुस्ती मात्र हजार मैल मागे, जिथून घेतला त्याच डीलरकडे. तिथली तारीख सात आठवड्यांनंतरची. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पुढे आपलं उत्तर आलं: प्रवासातल्या हादऱ्यांनी सैल झालेले जोड वॉरंटीत बसत नाहीत.

हे वाक्य मी अनेकदा वाचलं. प्रवासासाठीच बांधलेलं घर प्रवासानं सुटलं, तर दोष प्रवासाचा! रस्त्यावर धावणारं घर तासन्‌तास भूकंपात उभं असतं. म्हणूनच त्याचा प्रत्येक जोड जमिनीवरच्या घराच्या जोडापेक्षा घट्ट हवा. हे आम्ही आपल्याला सांगावं, इतके आपण नवखे नाही. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही, म्हणजे अशी फिरती घरं, आपल्याच एल्कहार्टच्या पंचक्रोशीत बनतात. तिथल्या संग्रहालयात १९१३ सालचा लाकडी ट्रेलर ठेवलेला आहे. शंभर वर्षांहून जुनी आहे ही विद्या.

दाराजवळ आरव्ही उद्योगसंघटनेचं चिन्हही आपण डौलात लावलं आहे. ते पाहून आम्हाला धीर आला होता. नंतर कळलं, ते चिन्ह कारखानदार स्वतःच लावतो. वीज, नळ, गॅस, आग यांचे सुरक्षेचे नियम आपण पाळल्याची ती आपलीच ग्वाही. संघटनेचे निरीक्षक कारखान्यात येऊन जातात, पण कारागिरी कशी आहे, याचा तो दाखला नव्हे. सदोष गाडी परत घ्यायला लावणारे लेमन लॉ राज्याराज्यांत आहेत, पण अनेक ठिकाणी त्यांतून ओढायचे ट्रेलर आणि मोटरहोमचा राहता भाग वगळलेला असतो. कायद्याची ही फटही तुम्हाला आमच्याआधी ठाऊक होती.

आता 'आपण' म्हणणं जमत नाही, क्षमा असावी. तुम्ही म्हणाल, मागणी प्रचंड होती. होती. २०२१ साली या उद्योगानं ६ लाखांहून अधिक आरव्ही बाहेर पाठवल्या; एवढ्या पूर्वी कधीच गेल्या नव्हत्या. तुमच्या भागातल्या अनेक कारखान्यांत मजुरी नगावर मिळते. जितके ट्रेलर पुढे सरकतील, तितका पैसा. पहाटे कामाला लागलेला माणूस कडी पुन्हा दाबायला थांबला तर त्याच्या खिशाला चाट बसणार असेल, तर तिरक्या कडीचा दोष मी त्याच्या माथी मारणार नाही. थांबायचे पैसे न देण्याचा निर्णय तुमचा आहे.

तुम्हाला कळत नाही, असंही नाही. एक नवा ट्रेलर पाण्यानं भरा, पंप चालू करा, नळ बंद करा आणि रात्रभर उभा ठेवा. सकाळी कपाटं उघडून बघा. यापलीकडे विद्या लागत नाही. तुम्ही ते करत नाही, कारण ते काम फुकट करणारी माणसं तुम्हाला मिळाली आहेत. आमची पहिली सहल हीच तुमची शेवटची तपासणी. तुमच्या गळत्या शोधायला लोक वर्षभराची रजा साठवतात, कर्ज काढतात, म्हाताऱ्या आईबापांना सातासमुद्रापलीकडून बोलावतात.

बाबांनी तो जोड कापला. हार्डवेअरच्या दुकानातून पितळी एल्बो, कड्या आणि दाबायचं हत्यार आणलं. तिथेच त्यांना खाचांची ती पट्टी दिसली आणि तीही घेतली. जोड बसवून झाल्यावर त्यांनी खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरला आणि पंप चालू ठेवून झोपले. सांगलीत नवी लाइन टाकली की रात्री हेच करायचे. सकाळी कागद बोटांनी चाचपला, कोरडा होता. मग ट्रेलरमधला प्रत्येक जोड त्यांनी तसाच तपासला. त्याला तीन दिवस लागले. त्यात यलोस्टोन बघायचं राहिलं.

गेल्या हिवाळ्यात सांगलीहून बाबा गेल्याचा फोन आला. या मे महिन्यात अँटिफ्रीझ काढायला मी सिंकखालचं कपाट उघडलं. पाइपाला कागदी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे, त्यावर तारीख आणि बाबांच्या ठसठशीत अक्षरातले दोन शब्द: "तपासलं. कोरडं."

तुमच्या कारखान्यातून निघालेल्या या ट्रेलरमध्ये कुणीतरी थांबून जोड पाहिल्याची एवढीच एक खूण आहे, साहेब, आणि ती मराठीत आहे. पुढच्या ट्रेलरवर ती तुमच्या भाषेत दिसावी, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक गिऱ्हाईक