मुदतीचे इंग्रजी

मनुष्याला एखादी विद्या येत नाही म्हणून तो ती शिकावयास जातो, असा जो एक भाबडा समज आपल्याकडे गुरुकुलांच्या काळापासून रूढ आहे, तो परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशशाखांना बिलकूल मंजूर नाही. त्यांच्या शिरस्त्याप्रमाणे विद्यार्थ्याने ती विद्या आधी संपादन करावी, ती संपादन केल्याचा दाखला मान्यताप्राप्त परीक्षकांकडून आणावा, त्या दाखल्याची नक्कल अर्जासोबत रुजू करावी, आणि हे सारे सोपस्कार इंग्रजीतून यथासांग पार पाडल्यावर मगच, आपल्याला इंग्रजी शिकावयाचे आहे, अशी नम्र विनंती करावी.

हे ज्ञान मला उतारवयात झाले. मुळशी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या आधाराने इंग्रजी शिकविण्यात माझी उभी हयात गेली, आणि निवृत्तीनंतर मी हिंजवडीस मुलाच्या सदनिकेत राहावयास आलो. ज्या खाचरांत भाताची लावणी सुरू झाली की माझा अर्धा वर्ग गैरहजर असे, त्याच खाचरांवर आता राजीव गांधी इन्फोटेक पार्कचे काचेचे प्रासाद उभे आहेत, आणि कर्मणी व कर्तरी प्रयोगांतील भेद ज्यांना अखेरपर्यंत उमगला नाही असे माझे कित्येक विद्यार्थी त्या प्रासादांत बसून रात्री-अपरात्री अमेरिकेतील इसमांशी निर्वेधपणे इंग्रजीत संभाषण करीत असतात. त्या संभाषणाचा अंश गच्चीवर, उद्वाहनात आणि भाजीवाल्याच्या गाडीपाशी सतत कानांवर पडू लागला, तेव्हा आपण जे शिकविले ते नेमके काय होते, असा संशय माझ्या मनात डोकावू लागला. आणि विलायतेतील एका विद्यापीठाने परदेशस्थ इंग्रजी शिक्षकांसाठी उन्हाळी अभ्यासक्रम योजिला असल्याचे मुलाने संगणकावर दाखविताच, तरुणपणी शिक्षकाच्या पगारात न परवडलेली हौस ग्रॅच्युइटीच्या रकमेतून पुरवून घ्यावी, असा मी निश्चय केला.

अर्जातील पहिला अडथळा माझ्या नावाचा होता. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी जी आपली त्रिस्थळी, तिच्यातील मधल्या स्थळाचे प्रयोजन त्या विद्यापीठास कळले नसावे. कारण अर्जाची पोच आली ती माझ्या कैलासवासी तीर्थरूपांच्या नावे, प्रारंभी 'प्रिय' असे लिहून, आणि आपण इंग्रजी शिक्षणात दाखविलेल्या रुचीबद्दल त्यांचे हार्दिक अभिनंदन करून. तीर्थरूपांनी हयातभर मोडीखेरीज दुसऱ्या लिपीत एक ओळ लिहिली नव्हती, आणि 'प्रिय' असे तर त्यांना आमच्या मातोश्रीही कधी म्हणाल्या नव्हत्या.

पुढे मातृभाषा निवडावयाची होती. ती मला यादीत माल्टीज आणि माओरी यांच्या पाठोपाठ उभी असलेली सापडली. त्यानंतर 'इंग्रजीचा अभ्यास किती वर्षे केला' असा प्रश्न होता, आणि त्याला दिलेल्या पर्यायांची मजल 'दहा वर्षांहून अधिक' येथवर जाऊन थांबली होती. मी त्यावर खूण केली, तेव्हा पाठीमागे उभ्या असलेल्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, एवढी वर्षं शिकून जी आली नाही, ती तिकडे तीन आठवड्यांत कशी येणार?" प्रवेशशाखेच्या मनातही हीच शंका येणे संभवनीय होते, परंतु ती विचारण्याइतके सुबोध इंग्रजी तेथे कुणी लिहीत नव्हते.

मग उद्देशाचे निवेदन आले. शेजारच्या सदनिकेतील एक तरुण, जो स्वतः कॅनडास जाण्याच्या खटपटीत होता, या वाङ्मयप्रकारातला मोठा जाणकार निघाला. उत्तम निवेदनाच्या आरंभी बालपणीचे दुःख, मध्ये संघर्ष आणि अखेरीस मानवजातीच्या कल्याणाची प्रतिज्ञा असावी लागते, असे त्याने मला समजावून सांगितले व विचारले, "काका, लहानपणी इंग्रजीमुळे तुम्हांला काही दुःख झालं होतं का?" दुःख झाले ते मला नव्हे, माझ्या विद्यार्थ्यांना, असे मी प्रांजळपणे सांगितले. त्याला ते निवेदनात घालण्याजोगे वाटले नाही.

शिफारसपत्रांचे प्रकरण याहून बिकट होते. अर्जदाराचे इंग्रजी निकटून पाहिलेल्या दोन गृहस्थांनी ती द्यावीत, अशी अट होती. माझे इंग्रजी निकटून पाहिलेले सर्व गुरुजन कालवश झालेले असल्यामुळे, इन्फोटेक पार्कच्या दुसऱ्या टप्प्यात एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे जाणे भाग पडले, आणि त्याला नववीत इंग्रजीत नापास करण्याचा योग माझ्याच हातून आला होता. त्याने वाकून नमस्कार केला, चहा मागविला, आणि माझ्यादेखत संगणकावर लिहिले की, 'मी यांना दीर्घकाळ ओळखतो. यांची इंग्रजीतील प्रगती समाधानकारक आहे.' मग किंचित संकोचून म्हणाला, "सर, हे तुमचंच वाक्य आहे. माझ्या प्रगतिपुस्तकात तुम्ही दर सहामाहीला लिहायचा. मी फक्त त्यातलं 'नाही' काढलं."

एवढ्यावर मला प्रवेश मिळाला, पण तो सशर्त. त्या पत्रात पहिल्या ओळीत अभिनंदन होते आणि उरलेल्या दोन पृष्ठांत ते कोणत्या कारणांनी परत घेतले जाईल याचा तपशील होता. हिंजवडीच्या म्हातोबाच्या यात्रेत चैत्री पौर्णिमेस बगाड निघते आणि त्यावर टांगलेला गळकरी वाकडपर्यंत जातो. सशर्त प्रवेश मिळालेल्या उमेदवाराची अवस्था त्याच्यासारखीच असते. मात्र गळकरी त्या दिवशी वाकडला निश्चित पोहोचतो, जे इन्फोटेक पार्कातून सायंकाळी निघणाऱ्या कोणत्याही वाहनाविषयी सांगता येत नाही, आणि त्याच्याकडून कुणी परत न मिळणारे शुल्क घेत नाही.

मुख्य अट अर्थातच भाषेच्या परीक्षेची होती. आयईएलटीएस या नावाने आज जी परीक्षा आपल्या तरुण पिढीत मौंजीबंधनाहून अधिक आवश्यक मानली जाते, तिचे श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण असे चार भाग आहेत. वाचनास व लेखनास प्रत्येकी 60 मिनिटे, श्रवणास सुमारे 30, आणि संभाषणास 11 ते 14 मिनिटे मिळतात, व गुणांची शिडी 9 पर्यंत जाते. संभाषणात एक चिठ्ठी हाती देतात, तीवरील विषयावर एक मिनिट विचार करावयाचा आणि दोन मिनिटांपर्यंत बोलावयाचे. म्हणजे विचाराला जो वेळ द्यावयाचा त्याच्या दुप्पट बोलण्याला, आणि हे प्रमाण सभासंमेलनांतील आपल्या प्रथेहून पुष्कळच संयमाचे आहे, हे कबूल केले पाहिजे.

तयारीसाठी मी ज्या शिकवणीस जात असे, तेथील अध्यापक माझ्या नातवाच्या वयाचे होते. 'अनोळखी माणसाला केलेली मदत' हा विषय त्यांनी दिला असता, मी खरोखर केलेली मदत आठवून, ती केव्हा केली, त्या गृहस्थाचे पुढे काय झाले, याची मनात जुळवाजुळव करू लागलो, तेव्हा त्यांनी मला थांबवून अत्यंत आदराने उपदेश केला, "सर, खरं सांगत बसू नका, अस्खलित सांगा." नीतिशास्त्राच्या पुस्तकांतून मला जे आढळले नव्हते, ते हे आधुनिक यशाचे सूत्र वाकडच्या चौकानजीक पहिल्या मजल्यावर मिळाले.

ही परीक्षापद्धती फार सौम्य झाली आहे, असे इतिहास सांगतो. केंब्रिज विद्यापीठाने परदेशीयांसाठी इंग्रजीतील प्रावीण्याची पहिली परीक्षा 1913 मध्ये घेतली, ती सुमारे बारा तास चालली, तिला तीन उमेदवार बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. शंभर टक्के निकालाची जाहिरात चौकाचौकांत लावणाऱ्या आजच्या शिकवणीवाल्यांनी या आकड्याकडे पाहावे. मी मात्र उत्तीर्ण झालो. लेखनाच्या भागातच तेवढे गुण कमी पडले, आणि आमच्या अध्यापकांनी त्याचे निदान असे केले की, माझे वाक्य सुरू होते तेव्हा परीक्षक तरुण असतो आणि संपते तेव्हा तो निवृत्तीस आलेला असतो.

खर्चाच्या हमीसाठी 'पालक' या रकान्यात मुलाने सही केली, आणि सशर्त प्रवेश बिनशर्त झाला. परंतु प्रमाणपत्र हाती आल्यावर त्याची मुदत दोनच वर्षे मानली जाते, असे कळले. मुंबई विद्यापीठाच्या 1859 मधील पहिल्या मॅट्रिक परीक्षेत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर उत्तीर्ण झाले. त्यानंतर एकाने उच्च न्यायालयात इंग्रजीतून न्यायदान केले, दुसऱ्याने इंग्रजीत ग्रंथ लिहून युरोपातील पंडितांचा आदर संपादन केला; पण त्यांचे इंग्रजी 1861 मध्ये शिळे झाले, असे म्हणण्याची छाती त्या काळच्या साहेबालाही झाली नाही. अलीकडे भाषा ही दुधाच्या पिशवीप्रमाणे तारीख पाहूनच घ्यावयाची, असे ठरलेले दिसते.

तेव्हा विनंती एवढीच की, हिंजवडी, मारुंजी, माण व वाकड येथील ज्या रहिवाशांना सोसायटीविरुद्ध तक्रारअर्ज, रजेचे अर्ज, शिफारसपत्रे अथवा बालपणीच्या दुःखासह उद्देशाची निवेदने इंग्रजीत लिहून हवी असतील, त्यांनी माझ्या प्रमाणपत्राची मुदत संपण्यापूर्वी सकाळी आठ ते दहा या वेळात यावे. मुदतीनंतर मी मराठीत लिहून देईन; तिची तारीख अद्याप कुणी ठरविलेली नाही.